गोलकीपरनं आधी आवाज द्यायला शिकावं

एका वडिलांचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा: ‘माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, कॉलेजच्या संघात गोलकीपर खेळते. जिल्हा पातळीच्या अंतिम सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत एका क्रॉसवर, म्हणजे बाजूनं गोलसमोर आलेल्या उंच फटक्यावर, चेंडू तिच्या हातून निसटला आणि संघ १-० असा हरला. तेव्हापासून ती घरात फारशी बोलत नाही. आता सरांनी या हंगामात तिलाच कर्णधार करायचं ठरवलंय. कीपरवर आधीच एवढं दडपण, उभी पण एकटीच, त्यात हे आणखी ओझं कशाला? नाही म्हणावं का?’ सोबत मैदानावरचे आणि घरचे दोन-तीन फोटो आहेत.

भाऊ, नाही म्हणू नका. का ते सांगतो. पण त्याआधी तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट तिला विचारा. तो क्रॉस आला, ती गोललाईन सोडून निघाली, तेव्हा तिनं आवाज दिला होता का? ‘कीपर!’ म्हणा, ‘माझा!’ म्हणा, काहीही. हात कसे होते, उडी कोणत्या पायावर घेतली, ते नंतर बघू. हातून निसटलेल्या चेंडूंची चौकशी सगळे हातांपाशीच करतात. माझा अनुभव असा की निम्म्याहून अधिक वेळा गडबड हातांच्या आधी, तोंडापाशी झालेली असते.

मी कोल्हापूरचा. तालमीच्या संघातून सुरुवात केली, मग मुंबईत एका कंपनीच्या संघाकडून कूपरेज मैदानावर खेळलो, दोन हंगाम गोव्यात व्यावसायिक क्लबकडून काढले. आता बारा वर्षं पोरापोरींना कीपिंग शिकवतो. माझ्या हातून निसटलेल्या चेंडूंची यादी लांबलचक आहे आणि त्यातला एक तुमच्या मुलीच्या चेंडूचा सख्खा भाऊ शोभेल असा आहे.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा असतो. जिथं कुस्तीची तालीम तिथंच फुटबॉलचा संघ, नावातही बहुतेकदा ‘तालीम’. शाहू स्टेडियमवर सामना असला की आख्खी पेठ गॅलरीत. ईर्षा हा शब्द इथं वाईट अर्थानं वापरत नाहीत. तर उपांत्य सामना, गोलफलक कोरा, शेवटची दहा मिनिटं. उजवीकडून कॉर्नर. चेंडू उंच, सेकंड पोस्टच्या, म्हणजे लांबच्या खांबाच्या, बाजूला झुकलेला. बघताक्षणी कळलं, हा माझा. मी निघालो. आमचा स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, पण उठला. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आमच्या घरापासून तिसऱ्या बोळात राहणारा. त्याची नजर चेंडूवर, पाठ माझ्याकडे. मी निघालोय हे त्याला दिसणार कसं? पण मला वाटलं, दिसेल. मी काही बोललो नाही. त्याचं डोकं आणि माझ्या मुठी एकाच वेळी तिथं पोचल्या. चेंडू पेनल्टी स्पॉटजवळ टप्पकन पडला आणि त्यांच्या हाफनं, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूनं, नुसता पाय लावला.

स्टॉपरच्या भुवईला तीन टाके पडले. रक्त पुसत तो मला एकच वाक्य बोलला, ‘आवाज दे की लेका!’ बाकी जे बोलायचं ते गॅलरी बोलली, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधकट्ट्यावर गेलो. लहानपणापासून मला दूध देणारा माणूस ग्लास पुढं करत म्हणाला, ‘नीट धर, निसटंल.’ आजूबाजूचे हसले. मीही हसलो आणि पुढचे पंधरा दिवस त्या कट्ट्यावर फिरकलो नाही. तुमची मुलगी घरात गप्प आहे म्हणता, तर तिला असा कुठला कट्टा टाळावासा वाटतोय का, हे हळूच बघा.

त्या आठवड्यात मी फक्त माझ्या हातांचा विचार करत होतो. ग्रिप बदलली, ग्लोव्हज बदलले. आमच्या कोचनं मात्र वेगळंच केलं. मला गोलमध्ये उभं केलं, दोन्ही बाजूंनी क्रॉस मारायला पोरं लावली आणि बजावलं की चेंडूला हात लावायचा नाही. फक्त ओरडायचं. येणार असशील तर ‘कीपर!’, येणार नसशील तर ‘अवे!’ म्हणजे ‘तुम्हीच लांब मारा’, आणि चेंडू सर्वांत उंचावर पोचायच्या आत. चाळीस क्रॉस. सोपं वाटतं ना? पंधराव्या क्रॉसला माझा घसा बसला आणि तेव्हाच मला माझी खोड कळली. आवाज उशिरा निघत होता कारण ठरत उशिरा होतं. मी निम्म्या वाटेपर्यंत जाऊन मग ठरवायचो. आधी ठरवणं, मग आवाज, मग पाय, शेवटी हात, असा तो क्रम आहे. गप्प कीपर लाजाळू असतो असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा त्याचं ठरलेलं नसतं, एवढंच.

हा व्यायाम तिच्या सरांना सुचवा. काही लागत नाही, चार चेंडू आणि क्रॉस मारणाऱ्या दोघीजणी पुरतात.

आता ‘उभी पण एकटीच’ याबद्दल. हा कीपरविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज आहे आणि दुर्दैवानं कीपरांनाच तो फार आवडतो. त्यात एक प्रकारची ऐट असते. मलाही होती. पण हिशोब करून बघा. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, म्हणजे जवळजवळ अठरा चौरस मीटर. एवढी जागा एका माणसानं राखायची हे मुळात अशक्य आहे. कीपर ती एकटा राखतच नाही. फॉरवर्ड डावीकडून आत येतोय आणि माझ्या बॅकनं, म्हणजे बचावपटूनं, त्याला बाहेरच्या पायावर ढकललं, तर माझा निम्मा गोल त्यानंच झाकला. उरलेल्या निम्म्यासाठी मी दोन पावलं पुढं येऊन अँगल कापतो, म्हणजे फटक्याची वाट अरुंद करतो. फ्री-किकला आमच्या खेळाडूंची भिंत, म्हणजे वॉल, एक कोपरा घेते, मी दुसरा घेतो. टीव्हीवर उडी मारणारा कीपर दिसतो. ती उडी जिच्या पोटी जन्मली ती आधीच्या तीन सेकंदांतली बोलाचाली दिसत नाही, ऐकूही येत नाही.

आणि जिथं उडी मारावीच लागली नाही, ते काम तर मोजलंच जात नाही. सामना संपल्यावर कुणी कीपरला म्हणत नाही की आज सातव्या मिनिटाला तू राईट बॅकला दोन पावलं आत घेतलंस म्हणून तो पास गेला नाही.

मग बोलायचं काय? ओरडणं आणि सांगणं यात फरक आहे. ‘चला चला’, ‘लक्ष द्या’, ‘अरे काय करताय’ हे ओरडणं. त्यातून बॅकला काही कळत नाही, फक्त त्रास होतो. सांगताना आधी नाव, मग दोन शब्द. ‘पिंकी, डावा खांदा.’ ‘सायली, बाहेर काढ.’ ‘टाईम आहे.’ ‘मॅन ऑन’, म्हणजे अंगावर कुणीतरी येतोय. नाव आधी घ्यायचं, कारण नाव ऐकलं की कान उघडतो आणि पुढचे दोन शब्द आत जातात. नाव शेवटी घेतलंत तर ते दोन शब्द हवेत गेले. आणि घटना घडायच्या आधी. चेंडू बॅकच्या पायाशी पोचल्यावर ‘मॅन ऑन’ म्हणणं म्हणजे अपघात झाल्यावर हॉर्न वाजवणं.

गोव्यात गेलो तेव्हा हे मला नव्यानं शिकावं लागलं. तिथं मैदानावर कोंकणी. पहिल्याच सरावात बॅक माझ्याकडं बघून ओरडला, ‘फाटल्यान! फाटल्यान!’ मी आधी स्वतःच्या शॉर्ट्सकडं बघितलं. तो बिचारा ‘मागून येतोय’ म्हणून सांगत होता, तोवर फॉरवर्ड माझ्यामागं जाऊन चेंडू ढकलून मोकळा झाला होता. त्या रात्री खोलीतल्या जोडीदाराकडून मी कामापुरते आठ-दहा शब्द वहीत उतरवून घेतले: डावा, उजवा, मागं, सोड, थांब. संघात मिसळणं वगैरे मोठं बोलतात. माझं मिसळणं त्या आठ-दहा शब्दांनी झालं. गोवा तशी कीपरांची कदर करणारी भूमी. साळगावकर क्लबचे कीपर ब्रह्मानंद संखवाळकर भारताचे कर्णधार होते, १९९७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. कीपर कर्णधार कसा होईल हा प्रश्न तिथं कुणी मला विचारल्याचं आठवत नाही.

कीपर कर्णधाराचं अलीकडचं उदाहरण द्यायचं तर १० सप्टेंबर २०१९, दोहा. विश्वचषक पात्रता सामना, भारत विरुद्ध कतार. कतार त्याच वर्षी आशियाचा विजेता झालेला. आपला सुनील छेत्री आजारी, त्यामुळं कर्णधाराचा पट्टा गुरप्रीतसिंग संधूच्या दंडावर. सामना ०-० सुटला. कतारनं दोन डझनांहून जास्त फटके मारले आणि गुरप्रीतनं अकरा अडवले. दुसऱ्या दिवशी सगळीकडं गुरप्रीतचे फोटो, आणि ते योग्यच होतं. पण तुम्ही मुलीसोबत तो सामना बघणार असाल तर त्याच्यापुढची ओळ बघा: गोव्याचे आदिल खान आणि मंदार राव देसाई, मुंबईचा राहुल भेके आणि संदेश झिंगन. फटका मारणाऱ्याच्या अंगावर सतत कुणीतरी आहे. म्हणून पुष्कळ फटके लांबून, घाईत, अवघड कोनातून येतात. ते अकरा फटके अडवता येतील असे कुणीतरी करून दिले होते.

दडपणाकडं येतो. इथं एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, कारण मी प्रत्येक नव्या कीपरला ती सांगतो.

१६ जुलै १९५०, रिओमधलं माराकाना. ब्राझीलला विश्वचषकासाठी उरुग्वेविरुद्ध बरोबरीही पुरेशी होती. १-१ झालेलं. अकरा-बारा मिनिटं उरली असताना उरुग्वेचा घिजिया उजव्या बाजूनं आत घुसला. पहिल्या गोलच्या वेळी त्यानं असंच घुसून मधे पास दिला होता आणि स्कियाफिनोनं गोल केला होता. ब्राझीलचा कीपर मोआसिर बार्बोसा तेच आठवून पासच्या अपेक्षेनं किंचित मधे सरकला. घिजियानं नियर पोस्टच्या, म्हणजे जवळच्या खांबाच्या, फटीतून चेंडू मारला. २-१. बार्बोसावर त्याचा डाग आयुष्यभर राहिला. आपल्या देशात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी पन्नास वर्षं भोगतोय, असं ते म्हातारपणी म्हणाले. २००० साली गेले.

कीपर म्हणून मी त्या गोलकडं बघतो तेव्हा मला बार्बोसांची चूक अर्धीच दिसते. नियर पोस्ट सोडू नये हे खरं. पण त्याच माणसानं त्याच बाजूनं दुसऱ्यांदा घुसावं? पहिल्या गोलनंतर त्या डाव्या बाजूला मदतीला कुणीतरी सरकायला हवं होतं. बॅक बिगोदे एकटा पडला, त्याच्या मागं वेळेत कुणी आलं नाही, आणि मग कीपरला पास आणि फटका यांत एक निवडायची वेळ आली. अशी निवड करायची वेळ कीपरवर येते तेव्हा संघ आधीच हरलेला असतो. त्या दिवशी बळी दिलेले बार्बोसा, बिगोदे आणि जुवेनाल तिघेही काळे होते, हेही विसरू नये. माणसांना दोष ठेवायला जागा लागते आणि ती शोधताना त्यांचा खरा स्वभाव बाहेर पडतो.

आता दुसरा प्रसंग. १५ जुलै २०१८, मॉस्को, विश्वचषकाचा अंतिम सामना. फ्रान्स क्रोएशियापुढं ४-१. कर्णधार आणि कीपर ह्यूगो लोरिसकडं बॅकपास आला. त्यानं मांझुकिचला हुलकावणी द्यायचा प्रयत्न केला आणि चेंडू मांझुकिचच्या पायाला लागून गोलमध्ये. शाळेच्या सामन्यात हसं व्हावं असा गोल. पण फ्रान्स ४-२ नं जिंकला, लोरिसनं चषक उचलला, आणि आज तो गोल कुणी फारसा काढत नाही. चूक बार्बोसांपेक्षा कितीतरी ढोबळ होती. फरक पडला तो पुढच्या दहाजणांनी आधीच करून ठेवलेल्या चार गोलांमुळं. हे मी तुमच्या मुलीला मुद्दाम सांगतो. तिच्या चुकीचं वजन तिच्या हातांनी ठरवलेलं नाही. पंच्याऐंशी मिनिटांत संघाला एकही गोल करता आला नव्हता, म्हणून ती चूक एवढी जड झाली. याचा अर्थ ‘दोष इतरांचा’ असा तिनं घेऊ नये, आणि घेणारही नाही. कीपर सहसा तसं घेत नाहीत.

गोल खाल्ल्यावर करायचं काय, हे मात्र ठरवून ठेवावं लागतं. त्या क्षणी डोकं चालत नाही. माझं ठरलेलं असायचं. चेंडू जाळीतून मीच काढायचा, लाथ न मारता हातानं द्यायचा. ग्लोव्हजचे पट्टे सोडून पुन्हा घट्ट लावायचे, आधी डावा. पाण्याचा एक घोट. आणि मग स्टॉपरशी एक वाक्य, फक्त पुढच्या खेळाबद्दल: ‘सेंटरनंतर त्यांचा नऊ नंबर तुझा.’ झालेल्या गोलबद्दल एक अक्षर नाही, ते ड्रेसिंग रूममध्ये. एवढ्यात तीस-चाळीस सेकंद जातात आणि धाप खाली बसते. एक गोष्ट कधीच करायची नाही. बॅककडं बघून दोन्ही हात फेकायचे नाहीत. गॅलरीला तेवढंच पुरतं, दोषी कोण ते तुम्हीच दाखवलं. त्या बॅकनं पुढच्या वेळी तुमच्यासाठी अंग टाकावं अशी अपेक्षा मग कशाला करायची?

पेनल्टीचं दडपण लोकांना सर्वांत मोठं वाटतं. माझ्या मते कीपरसाठी ते सर्वांत हलकं. अकरा मीटर अंतर. शंभर किलोमीटर वेगाचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात गोलमध्ये. चारांतल्या तीन पेनल्टी गोलमध्ये जातातच, त्यामुळं अडवली नाही तर कुणी काही म्हणत नाही. घाम मारणाऱ्याला फुटतो. पण तिथंही कीपरचं मन गंमत करतं. इस्रायलच्या काही संशोधकांनी २८६ पेनल्टी तपासल्या होत्या, २००७ मध्ये ते छापून आलं. जवळपास तीस टक्के फटके मधोमध आले होते, आणि कीपर मधे उभे राहिले ते सहा टक्क्यांच्या आसपास. कारण उभं राहून गोल खाल्ला तर ‘हललासुद्धा नाही’ असं ऐकावं लागतं. उडी मारून खाल्ला तर निदान प्रयत्न दिसतो. लोकांना दिसावं म्हणून मारलेल्या उड्या मी माझ्या काळात किती मारल्या, देव जाणे.

तर कर्णधारपद. कीपर कर्णधारांनी विश्वचषक उचललेला आहे: १९३४ मध्ये इटलीचा कोंबी, १९८२ मध्ये चाळिशीतला दिनो झोफ, २०१० मध्ये स्पेनचा कासियास आणि हा लोरिस. पण मला नेतृत्व म्हटलं की कर्णधारपद गेल्यानंतरचा एक कीपर आठवतो.

जर्मनीचा ऑलिव्हर कान. २००२ च्या विश्वचषकात तो कर्णधार, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. आणि अंतिम सामन्यात रिवाल्डोचा साधा फटका त्याच्या छातीवरून सुटला, रोनाल्डोनं तो आत ढकलला, ब्राझील २-० जिंकलं. त्या सामन्यात त्याच्या बोटाला दुखापत झाली होती, पण त्यानं बोटाची सबब पुढं केली नाही. सामन्यानंतर खांबाला टेकून बसलेला कान हे चित्र अनेकांना आठवत असेल. ते बहुतेक लोकांसाठी गोष्टीचा शेवट. माझ्यासाठी ती चार वर्षांनी सुरू होते. २००६, विश्वचषक त्याच्याच देशात, आणि कोच क्लिन्समननं पहिला कीपर म्हणून त्याच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याला, येन्स लेमनला निवडलं. या दोघांचं वर्षानुवर्षं जमत नव्हतं. कान बाकावर. बर्लिनला ३० जून रोजी अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टी शूटआऊटची वेळ आली. लेमन मैदानावर बसलेला. कान उठला, त्याच्यापाशी गेला, हात हातात घेतला, काहीतरी बोलला. बस. लेमनच्या मोज्यात कीपर कोच कोप्केनं दिलेली चिठ्ठी होती, अर्जेंटिनाचा कोण कुठं मारतो याची. शेवटी आला तो कांबियासो त्या चिठ्ठीत नव्हताच. लेमननं तरीही चिठ्ठी काढून निवांत वाचली, खोचली, आणि कांबियासोची पेनल्टी अडवली. चिठ्ठीचं कौतुक जगानं केलं, ते करावंच. पण आपली जागा घेतलेल्या माणसाला, तो यशस्वी झाला तर आपली जागा कायमची जाणार हे माहीत असताना, शूटआऊटच्या आधी जाऊन हात देणं मला तरी जमलं नसतं. मी गोव्यात दुसरा कीपर होतो तेव्हा पहिल्याच्या चुकीची वाट बघत बसायचो. हे कबूल करायला मला दहा वर्षं लागली.

म्हणून तिला कर्णधार केल्यावर पहिलं काम मी हे सांगेन: संघातल्या दुसऱ्या कीपरशी नीट वागणं. सामन्याआधी तुमच्या मुलीला सराव कोण देतं? ती दुसरी कीपरच. चेंडू तिनं कसा फेकावा, कुठं फेकावा, यावर पहिल्या कीपरची निम्मी तयारी अवलंबून असते.

दोन व्यावहारिक गोष्टी. पंचांशी बोलायला फक्त कर्णधारानंच जायचं, असा दंडक आता बऱ्याच स्पर्धांत आलाय. कर्णधार कीपर असेल तर ती पन्नास मीटर पळत जाणार का? म्हणून अशा वेळी नाणेफेकीआधीच मैदानातली एक खेळाडू त्यासाठी ठरवून पंचांना सांगायची असते. २०२४ च्या युरो स्पर्धेत हे असंच होतं. तिच्या स्पर्धेत काय नियम आहे ते सरांना विचारा, आणि ती खेळाडू डोकं थंड असलेली निवडा. दुसरं, जुलै २०२५ पासून कीपरला चेंडू हातात आठ सेकंदच ठेवता येतो. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून मोजून दाखवतात, आणि वेळ गेली की समोरच्यांना कॉर्नर. पूर्वी कागदावर सहा सेकंद होते, पण पाळत कोण होतं? आघाडीवर असताना चेंडू कवटाळून झोपायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा.

आता तुमच्या भीतीबद्दल. कर्णधारपदानं तिच्यावरचं ओझं वाढेल असं तुम्हाला वाटतं. मला उलट वाटतं. गप्प बसलेल्या कीपरला बोलायचं हक्काचं कारण मिळतंय. सरांच्या डोक्यात हेच असावं. अंतिम सामना हरलेल्या संघात त्या मुलींनी तिला नको म्हटलं असतं तर सरांनी हे केलं नसतं. ते तिला माहीत आहे का, हे विचारायला हरकत नाही. फक्त एक बघा. चूक डोक्यात घोळणं वेगळं आणि आजारपण वेगळं. झोप, जेवण, मैत्रिणी, अभ्यास हे सगळंच सुटत चाललं असेल तर हे कोचच्या आवाक्यातलं काम नाही, समुपदेशकाकडं न्या, लाजू नका. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा कीपर रॉबर्ट एन्के यानं २००९ साली नैराश्यातून जीव दिला. त्याच्या बरोबर रोज सराव करणाऱ्यांनाही त्याच्या आजाराची कल्पना नव्हती.

आणि सामन्यानंतर गाडीवरून घरी येताना गोलबद्दल काही विचारू नका. माझे वडील सायकलवरून यायचे. पुढं मी दांडीवर नाही, मागं कॅरियरवर, मोठा झालो होतो. ते फक्त ‘भूक लागलीय का’ विचारायचे. मला ते तेव्हा थंडपणाचं वाटायचं. कधी कधी अर्ध्या वाटेत मीच सांगायला लागायचो आणि ते पायडल मारणं हळू करायचे.

जाता जाता, तुम्ही पाठवलेल्या एका फोटोत तिचे ग्लोव्हज गच्चीच्या कठड्यावर उन्हात वाळत घातलेले दिसतात. तसं करू नका, तळव्याचं लॅटेक्स उन्हानं कडक होतं आणि भेगाळतं. कोमट पाण्यात हातानं धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत लटकवायचे. सामन्याआधी तळवे किंचित ओले करायचे. कोरड्या ग्लोव्हजमधून चेंडू निसटतो, हे तिला सरांनी सांगितलंय का, तेही एकदा विचारा.